‘हाव’ म्हणजे साप

मित्रांनो, ज्यांचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं आणि तरी ज्यांना स्वतःचं असं काही म्हणता आलं नाही, अशा थोर मंडळींपैकी मी एक आहे. मी एक जुना भोंगा आहे. निलंगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून असलेल्या एका गावच्या शाळेवर माझी नेमणूक आहे. नेमणूक हा शब्द मी जपून वापरतो आहे. बदली न होता माझ्याइतकं या शाळेत कोणी टिकलेलं नाही.

माझं अंग पत्र्याचं, तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं. लातूरहून मी एसटीच्या टपावर बसून आलो. कंडक्टरने मला तिकीट विचारलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की आपली गणना सामानात होणार. पण शाळेच्या गच्चीवर मला बांधलं आणि माझे दिवस पालटले. सकाळी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग सुविचार. पोलिओचा डोस आला की गाव मी गोळा करायचो. ‘ज्यांची म्हैस शाळेत शिरली आहे त्यांनी ती घेऊन जावी’ हेही मीच सांगायचो, आणि म्हैससुद्धा मान वर करून ऐकायची. इतकं लक्ष देऊन वर्गात कोणी ऐकत नसे.

पण माझा खरा अभिमान वेगळा आहे. मी दुभाषी भोंगा आहे. रेवणसिद्ध सर आमच्या शाळेत आले आणि त्यांनी दर शनिवारी कन्नडचा तास सुरू केला. त्यांच्या घरी कन्नड, बाहेर मराठी. आमच्या गावाचा बाजार हद्दीपलीकडे, सोयरिकी पलीकडे, आणि गावातली म्हातारी माणसं भांडताना दोन्ही भाषा वापरत, कारण एकीत शिव्या पुरत नसत. लहान पोरांना मात्र पलीकडचं काही कळत नव्हतं.

सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर एक साप काढला. पटांगणात बसलेल्या मोठ्या वर्गांनाही कळावं म्हणून ते माझ्यातून बोलत होते.

“हा हावु. बोलताना शेवटचा उकार खातात, नुसतं ‘हाव्’ ऐकू येतं. आपण ‘हाव’ कशाला म्हणतो?”

“हो म्हणायला,” पोरं म्हणाली.

“मग कन्नड माणूस ‘हाव्’ म्हणाला तर काय करायचं?”

चौथीतली अयोध्या उभी राहिली. “आधी पाय वर घ्यायचे, सर.”

“शाबास. आणि त्याला हो म्हणायचं असलं तर तो म्हणतो ‘हौदु’. तेव्हा लगेच पाण्याचा हौद शोधायला जाऊ नका.”

सगळी शाळा हसली. ते हसू मी वेशीपर्यंत पोचवलं. माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वात चांगलं प्रक्षेपण.

मग शाळेत निळा दिवा लागणारा नवा स्पीकर आला. तारेशिवाय बोलतो म्हणे. मला खाली उतरवून ऑफिसशेजारच्या अडगळीच्या खोलीत ठेवलं. मागे फुटकी बाकं, पुढे दार. कौतुक गच्चीवर होतं, धूळ खाली होती. मी तक्रार केली नाही. माझी वायरच काढलेली होती.

ऑफिसची भिंत पातळ असल्यामुळे बातम्या मात्र मिळत. त्या वर्षी गावाबाहेरच्या वीटभट्टीवर पलीकडून माणसं आली. त्यांतली गौरम्मा आपल्या मुलीला, शिवगंगाला, पहिलीत घालायला घेऊन आली. त्या वर्षीच बदलून आलेले मुख्याध्यापक लक्ष्मणराव सज्जन होते, पण शुद्ध मराठीचे कडक भक्त. पोर ‘हाव’ म्हणालं की ते थांबवून ‘हो’ म्हणायला लावत.

“ही तुमची मुलगी का?” त्यांनी गौरम्माला विचारलं.

“हौदु.”

“हौद मागच्या अंगाला आहे. पाणी नंतर प्या. मुलगी तुमचीच ना?”

“हौदु, री,” तिने आदराचं ‘री’ जोडून सांगितलं.

“किती तहान लागली आहे बिचारीला,” लक्ष्मणराव म्हणाले आणि त्यांनी तांब्याभर पाणी मागवलं. रेवणसिद्ध सर तेव्हा महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेले होते.

शिवगंगा वर्गात बसू लागली. मराठी कळेना म्हणून ती गप्प राही. थोड्याच दिवसांत सगळे तिला मुकी म्हणू लागले. ती मुकी नव्हती. मधल्या सुट्टीत ती खोलीच्या दाराशी येऊन माझ्या तोंडात कन्नड गाणी म्हणायची. बंद भोंगाही आवाज थोडा मोठा करतो, हे तिने शोधून काढलं होतं. शाळेत तिचं ऐकणारा तेव्हा मी एकटाच होतो, आणि मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

इकडे कन्नडच्या तासावर गदा आली. शाळा समितीचे अध्यक्ष हनुमंतअण्णा ऑफिसात बसून बोलले ते मी ऐकलं.

“कन्नड शिकून पोरं करणार काय? तिकडं विटा पाडाया जाणार हायेत का? त्या तासाला स्कॉलरशिपची गणितं घ्या.”

“तसं माझंही मत आहे,” लक्ष्मणराव म्हणाले. “मुलांची मराठीच अजून हाव-न्हाईत अडकली आहे.”

“दुसरी भाषा आली की पहिली जास्त नीट ऐकू येते, सर,” त्याच दिवशी प्रशिक्षणावरून परतलेले रेवणसिद्ध सर म्हणाले.

“सर, ऐकू येऊन मार्क पडत नसतात,” अण्णा म्हणाले. शनिवारी पालकांची बैठक घेऊन तास बंद करायचा, असं ठरलं.

शनिवार उजाडला आणि वीज गेली. निळ्या स्पीकरची बॅटरी उतरली. आता पालकांना बोलवायचं कसं? तेव्हा सगळ्यांना माझी आठवण झाली. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली की मी आजही बोलतो. मित्रांनो, जुन्या माणसांची आठवण बहुधा वीज गेल्यावरच येते.

पण माझ्याकडे एक पाहुणा उतरलेला होता. पहाटेच्या गारठ्यात एक नाग माझ्या तोंडात शिरून वेटोळं घालून बसला होता. एवढी ऊबदार जागा त्याला दुसरी कुठे मिळणार?

शिवगंगा नेहमीप्रमाणे गाणं म्हणायला आली, वाकली, आणि मागे सरली. पळून गेली असती तरी चाललं असतं. पण तेवढ्यात हनुमंतअण्णा समोरून आले. ती दारात हात आडवे करून उभी राहिली.

“हाव्,” ती म्हणाली.

“कोण, मुकी? बोलाया लागली की. भोंगा आतच हाय का गं?”

“हाव्.”

“मग सरक की बाजूला. मला न्यायचाय.”

“हाव्! हाव्!”

“हाव म्हणती आन् सरकत न्हाई. ही कोणती तऱ्हा?”

व्हरांड्यातून लक्ष्मणरावांनी ऐकलं. मुकी मुलगी बोलली याचा त्यांना मनापासून आनंद झाला, म्हणून ते लगेच सुधारायला धावले. “हाव नाही बाळ. हो म्हण. हो.”

“हाव्,” शिवगंगा रडकुंडीला येऊन म्हणाली.

“हो.”

“हाव्!”

अण्णांनी तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं. ते खोलीत आले, वाकले आणि मला तोंडाला धरून ओढावं म्हणून त्यांनी हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं असं काहीतरी सांगायचं होतं, आणि माझी वायर भिंतीला लटकत होती.

दाराशी अयोध्या आली होती. “अण्णा, हात मागं घ्या. ती हो म्हणत न्हाई. साप म्हणती.”

अण्णांचा हात हवेत थांबला. तेवढ्यात नाग फुत्कारला. आणि मित्रांनो, इथे मी माझं कर्तव्य केलं. वायर नसताना, बॅटरी नसताना, तो फुत्कार मी जमेल तेवढा मोठा करून अण्णांच्या तोंडावर ऐकवला. अध्यक्षांना मागच्या पावली इतक्या वेगाने जाताना त्या शाळेने कधी पाहिलं नव्हतं.

निलंग्याहून सर्पमित्र आला आणि नागाला सुखरूप घेऊन गेला. मला पुसून, बॅटरी जोडून बाहेर आणलं. पालक जमले. अण्णांनी माईक हातात घेतला.

“आपल्या पोरांला हाव आन् हाव् यातला फरक कळला,” ते म्हणाले, “म्हणून माझा हात जाग्यावर हाय. तास चालू राहील. गणितं रविवारी घ्या.”

 लक्ष्मणराव शिवगंगापुढे खाली बसले आणि म्हणाले, “बाळ, मला हो कसं म्हणायचं ते शिकव.”

“हौदु,” ती म्हणाली.

“हौद,” लक्ष्मणराव म्हणाले.

“हौद न्हाई, सर. हौदु.” तिने त्यांना नीट सुधारलं. पाहिलंत, तिला मराठीही येऊ लागली होती.

आता मी पुन्हा गच्चीवर आहे. मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे. शाळेत मिळणारी दुसरी भाषा ओझं म्हणून घेऊ नका. तो आणखी एक कान आहे. तुमच्या वर्गात कोणी मुकं म्हणून बसलेलं असेल, तर आधी बहिरं कोण आहे ते तपासा. आणि घरी माझ्यासारखा जुना भोंगा असेल, तर त्याच्या तोंडाला फडकं बांधून ठेवा. पाहुणे सांगून येत नाहीत.

मागच्या शनिवारी सुविचार सांगायची पाळी शिवगंगाची होती. तिने तो आधी मराठीत सांगितला, मग कन्नडमध्ये. मी दोन्ही वेळा जीव ओतला. गच्चीवरून मला वीटभट्टी दिसते. गौरम्मा डोक्यावरच्या विटा खाली ठेवून शाळेकडे पाहत उभी होती. मुकादमाने मराठीत काहीतरी विचारलं. वारा माझ्या दिशेने होता, म्हणून ऐकू आलं.

“पोरगी तुझी का गं?”

“हाव,” गौरम्मा म्हणाली.

आणि भट्टीवर कोणीही पायाखाली पाहिलं नाही.