एकाऐवजी अकरा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिचं टेबल खिडकीपाशी होतं, पण तिचं काम मात्र मैलोन् मैल पसरलेलं. शहराबाहेरच्या अकरा पंपघरांत एकेक कॉम्प्युटर होता. ती इथे बसून काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की तिकडे पंप चालू व्हायचा नाहीतर थांबायचा. "वहिनी बसल्या जागी नदी हलवते," असं तिचा धाकटा दीर कौतुकाने सांगायचा. तो त्याच खात्यात फिटर होता.

त्या दुपारी त्याचाच फोन आला.

"वहिनी, सात नंबरचा पंप बंद कर. व्हॉल्व्ह गळतोय, खड्ड्यात उतरून खोलावा लागेल. तासभर तरी जाईल."

तिने कमांड दिली, पंप थांबल्याची खात्री केली. "थांबवला, भाऊजी. जपून उतरा."

अर्ध्या तासाने तीन नंबरचा कॉम्प्युटर अडून बसला. तो रीस्टार्ट करायला हवा होता. नवी ओळ लिहायचा कंटाळा, म्हणून तिने सकाळचीच कमांड परत आणली. अकराही कॉम्प्युटरांची घड्याळं जुळवायला वापरलेली. शेवटचे शब्द खोडून तिथे रीस्टार्ट लिहिलं आणि एंटर दाबलं. सुरुवातीचा 'सगळे' तसाच राहिला होता.

पडद्यावर एक ओळ यायला हवी होती. आल्या अकरा. संपर्क तुटला, संपर्क तुटला. सातव्या ओळीवर तिची नजर थिजली.

कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला की पंप आपोआप चालू होई. शहराचं पाणी अडू नये म्हणून तशी सोय तिनेच करून ठेवली होती. नव्याने सुरू व्हायला लागायचं जेमतेम दीड मिनिट. आणि तिकडे दीर दोन पुरुष खोल खड्ड्यात, व्हॉल्व्ह खोलून बसलेला.

तिने थांबवायची कमांड दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. घाईत सात लिहिताना दोनदा चुकली. दिराचा मोबाइल लागेना. खड्ड्यात रेंज कुठली? मग तिने पंपघराच्या फोनवर रिंग दिली. सहा वेळा वाजल्यावर वॉचमनकाकांनी उचलला.

"काका, पंप चालू आहे का?"

"आत्ताच झाला की. ऐका." त्यांनी फोन खोलीकडे धरला असावा. पंपाची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, आणि पडद्यावर सातपुढे अजूनही 'संपर्क तुटला'च होतं.

"दाराच्या उजवीकडे लाल बटण आहे. ते दाबा."

"त्याला हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलंय, ताई. माझी नोकरी..."

"काका, खड्ड्यात माझा दीर आहे."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. घरघर चालूच होती. काकांचे गुडघे दुखायचे, हे तिला ठाऊक होतं. शेजारचा कारकून काहीतरी विचारत होता, तिला शब्द कळत नव्हते. मग घरघर ओसरली, थांबली. त्यानंतरची शांतता तिला आवाजापेक्षाही भयंकर वाटली. सासूबाईंना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बऱ्याच वेळाने खोकल्याचा आवाज आला.

"वहिनी." आवाज बसलेला होता. "पाणी छातीपर्यंत आलं होतं. शिडी हातात होती म्हणून निभावलं. मनगट मुरगळलंय बहुतेक."

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली.

"ते कळलं मला. पंप बंद करणारी तूच, चालू करणारीही तूच." "आधी काकांना पाणी देतो. ते खाली बसलेत."

तिने उठून साहेबांना सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. यापुढे खड्ड्यात कुणी उतरलं, तर पंपाची वीज तिथेच तोडून स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात, असं तिनेच सुचवलं. साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं, आणि तिला आठवडाभर कमांड द्यायला मनाई केली. तिला ते बरंच वाटलं.

संध्याकाळी घरी दीर मनगटाला पट्टी बांधून बसला होता. "पाय घसरला," त्याने आईला सांगून टाकलं होतं.

"घसरला नाही, आई," ती सासूबाईंसमोर बसत म्हणाली. "मी सांगते काय झालं ते."