उघड्या हातांनी वाजणारा डबा

मित्रांनो, मला घडवलं होतं ते बिस्किटं ठेवण्यासाठी. आज माझ्या पोटात बिस्किटाचा चुराही नाही. तिथे तारा आहेत, एक छोटा स्पीकर आहे आणि एक चौकोनी बॅटरी आहे. माझ्या बाजूवर मात्र लोण्याच्या बिस्किटांचं चित्र अजून टिकून आहे. ते पाहून माणसं फसतात. त्या फसगतीपायी एकदा मी कचऱ्याच्या पेटीत जाता जाता राहिलो.

मला वाजतं केलं ते फ्राउक्येने. ती फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्यावर पूल उचलण्याचं काम करायची. होडी आली, की कळ दाबायची, रस्त्याचं फाटक पाडायचं, पूल उभा करायचा, होडी गेली की पुन्हा आडवा. उन्हाळ्यात तिला बसायला सवड मिळत नसे. पण हिवाळ्यात दिवसभरात तीन होड्या आल्या तरी खूप. त्या रिकाम्या वेळात पुलाच्या खोलीत ती सोल्डरिंग करत, म्हणजे वितळवलेल्या कथिलाने तारा जोडत बसायची. मी तिच्या आईचा बटणांचा डबा होतो. बटणं तिने बरणीत ओतली आणि मला टेबलावर घेतलं.

स्पीकर तिने बंद पडलेल्या रेडिओतून काढला. माझ्या झाकणावर तिने पितळेच्या दोन पट्ट्या बसवल्या. एका पट्टीवर एक हात आणि दुसरीवर दुसरा ठेवला, की माणसाच्या अंगातून इवलासा प्रवाह जातो आणि मी वाजतो. तो कुणाला जाणवतही नाही. हात ओले असले तर माझा आवाज चढतो, कोरडे असले तर उतरतो. म्हणून मी माणसं ओळखतो ती हातांवरून, चेहरे मला ठाऊक नाहीत.

मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा श्यूर्ड तिथे होता. तो फ्राउक्येचा तीस वर्षांपासूनचा शेजारी, गावचा पोस्टमन, आणि ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य वाजवणारा.

"दारात बदक अडकलंय का गं?" त्याने विचारलं.

"बदकाचा सूर तुझ्यापेक्षा बरा लागतो," फ्राउक्ये म्हणाली. "हात ठेव इथे."

त्या दिवसापासून आम्ही तिघं मिळून वाजवू लागलो. शाळेत वाजवलं, गावच्या सभागृहात वाजवलं, वृद्धाश्रमात तर दर महिन्याला. तिथे एकदा चौदा म्हाताऱ्या हातात हात धरून बसल्या आणि टोकाच्या दोघींनी माझ्या पट्ट्यांवर हात ठेवले. इतक्या जणींतून फिरून आलेला माझा आवाज एवढा खाली गेला, की बशीतले कप थरथरले. त्या दिवशी मी फार सुखी होतो.

मग फ्राउक्येने मोठं वाद्य बांधायला घेतलं. लाकडाची पेटी, चाळीस बटणं, रंगीत दिवे. दोन हिवाळे ती त्यातच गढून गेली. मी फळीवर गेलो. माझ्या झाकणावर चहाच्या पुड्या ठेवायची सवय तिला लागली. खरं सांगतो, मला त्या पेटीचा हेवा वाटायचा.

ती पेटी घेऊन फ्राउक्ये आणि श्यूर्ड वाजवायला विमानाने पोलंडला निघाली. तपासणीच्या रांगेत सगळ्यांसमोर तारा उपसून दाखवण्याची फ्राउक्येला लाज वाटली, म्हणून तिने पेटी मोठ्या सामानात दिली. पोचली तेव्हा पेटीच्या फळ्या वेगळ्या आणि आतलं सगळं वेगळं झालं होतं. कुणाच्या हातून पडली ते कळलंच नाही. घरी येऊन तिने ते तुकडे माझ्याशेजारी ठेवले. माझा हेवा तिथेच संपला. त्यानंतर दोन वर्षं तिने सोल्डरिंगला हात लावला नाही.

तिसऱ्या वर्षी नॉर्वेतल्या बर्गन शहरातून पत्र आलं. घरी वाद्यं बनवणारे लोक तिथे जमणार होते आणि फ्राउक्येला बोलावलं होतं. ती नको म्हणत होती.

"माझ्याकडे आता काही उरलेलं नाही," ती म्हणाली.

श्यूर्डने फळीवरून मला उचललं, चहाच्या पुड्या बाजूला केल्या आणि पट्ट्यांवर हात ठेवले. बॅटरी मरायला टेकली होती, तरी मी वाजलो.

"हे काय मग?" तो म्हणाला. "आणि हा तर हातातल्या पिशवीत मावतो."

मग तिने माझ्यासाठी नवी बॅटरी आणली. मागच्या अनुभवाने ती धास्तावलेली होती. वाटेत मी उघडू नये म्हणून तिने माझं झाकण चारही बाजूंनी गोंदाने पक्कं चिकटवून टाकलं. तिने ते मायेनेच केलं होतं. पण त्या मायेनेच आमचा घात होणार होता.

विमानतळावर जाताना तिने श्यूर्डला बजावलं, "तपासणीला तोंड उघडायचं नाही. एकही विनोद नको."

"सुप्रभात म्हटलं तर चालेल?"

"नाही."

माझी पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर मी कसा दिसलो असेन ते तुम्हीच ताडा: पत्र्याचा बंद डबा, आत तारांचा गुंता आणि बॅटरी. माझी पिशवी बाजूच्या टेबलावर गेली. तिथे इल्हाम नावाची तपासनीस होती. तिने आधी माझ्यावरून कागदाची पट्टी फिरवून यंत्रात घातली. स्फोटकाचा मागमूसही निघाला नाही.

"हे काय आहे, बाई?"

"वाद्य आहे. मी केलंय."

"डब्यावर तर बिस्किटं दिसतात."

श्यूर्डच्या ओठांवर काहीतरी आलं. त्याने ते गिळलं. ते गिळताना त्याचे कान लाल झाले होते, असं फ्राउक्ये नंतर सगळ्यांना सांगायची.

"उघडून दाखवा," इल्हाम म्हणाली. फ्राउक्येने सांगितलं, की झाकण चिकटवलेलं आहे. "मग मलाच उघडावं लागेल. तुम्ही हात लावू नका. आणि तुम्ही, साहेब, पिवळ्या रेषेमागे उभे राहा."

तिने पातळ पातं झाकणाखाली सरकवलं. गोंद कडकड करत सुटला. शेवटचा कोपरा निघता निघता झाकण हिसका खाऊन वर आलं, आणि पट्टीपासून आत जाणारी तार तुटली. मला दुखत वगैरे नाही, मित्रांनो. पण मी मुका झालो हे मला कळलं.

"वाजवा आता," इल्हाम म्हणाली.

फ्राउक्येने पट्ट्यांवर हात ठेवले. काही नाही.

"तार तुटली. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. मी चिकटवायलाच नको होतं."

"बाई, माझं ऐका. तुम्ही म्हणता हे वाद्य आहे. ते वाजत नसेल, तर मी माझ्या वरिष्ठांना काय सांगू? न कळणारी वस्तू मी विमानात सोडू शकत नाही. इथे ठेवून जा, नाहीतर तुम्हीही थांबा."

तिने बोट दाखवलं तिकडे टाकायच्या वस्तूंची काचेची पेटी होती. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, कात्र्या आणि मुरंब्याच्या बरण्या पडल्या होत्या. विमानाचं दार बंद व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"तू जा, श्यूर्ड," फ्राउक्ये म्हणाली. "तुझा ट्रॉम्बोन मोठ्या सामानातून पुढे गेलाय. मी याला टाकून येणार नाही."

"ट्रॉम्बोनला एकट्याने फिरायची सवय आहे," श्यूर्ड म्हणाला आणि रेषेमागेच उभा राहिला.

मागच्या खेपेला ज्या लाजेपायी फ्राउक्येने पेटी दूर सारली होती, तीच लाज आता तिच्यासमोर उभी होती. रांगेतले लोक बघत होते. तिने विमानाच्या तिकिटाच्या कागदाची घडी केली. एका हाताने माझं झाकण उभं धरलं, आणि आपली बोटं लागू नयेत म्हणून दुसऱ्या हातातल्या कागदाच्या घडीने तुटलेली तार पट्टीवर दाबून धरली.

"माझे दोन्ही हात अडकलेत," ती इल्हामला म्हणाली. "पट्ट्यांना तुम्हीच हात लावा."

इल्हामने थोडा विचार केला आणि हात ठेवले. मी गप्पच.

"हातमोजे," फ्राउक्ये म्हणाली. "रबरातून त्याला तुमचा हात लागत नाही."

इल्हामने मागे पाहिलं. मग एकेक बोट सोडवत तिने दोन्ही हातमोजे काढले. तिचे हात गार होते, दिवसभर रबरात राहून पांढरे पडलेले, खडबडीत आणि खूप कोरडे. मी वाजलो. खूप खालच्या सुरात, कालव्यावरच्या जुन्या बोटीच्या भोंग्यासारखा. तिने घाबरून हात काढले, तसा मी थांबलो. तिने पुन्हा ठेवले आणि या वेळी जरा दाबून धरले. माझा आवाज चढला.

"हे मी करतेय?"

"तुम्हीच," फ्राउक्ये म्हणाली.

इल्हामने आणखी तीन वेळा मला वाजवलं. नियमाला एकदाच पुरेसं होतं. मग तिने माझं झाकण अलगद बसवलं, भोवती रबरबँड लावला आणि मला स्वतःच्या हाताने पिशवीत ठेवलं.

"पुढच्या वेळी स्क्रू लावा," ती म्हणाली. "पात्याने काही उघडायला मलाही आवडत नाही. आणि पिशवीतून आधीच बाहेर काढून ठेवा. आत काय आहे ते कागदावर लिहा."

"आता बोलू का?" रेषेमागून श्यूर्डने विचारलं.

"बोला."

"सुप्रभात."

इल्हाम हसली. दोघं धावत सुटली. सगळ्यात शेवटी विमानात चढलेली माणसं तीच.

बर्गनमध्ये कुणाच्या तरी सोल्डरिंग गनने फ्राउक्येने माझी तार जोडली आणि झाकणाच्या कोपऱ्यांवर चार स्क्रू बसवले. नाण्यानेही फिरतील असे. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने कागद चिकटवला. कुठली तार कुठे जाते, ते लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. सभेत चाळीस लोक होते. श्यूर्डने ट्रॉम्बोन धरला आणि फ्राउक्येने माझ्यावर हात ठेवले. मी थोडा वरच्या पट्टीत वाजलो, कारण तिच्या हातांना घाम होता. कुणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतर मी सात वेळा विमानात बसलो. तपासणी आली, की फ्राउक्ये कुणी विचारायच्या आत मला बाहेर काढून तबकात ठेवते आणि शेजारी एक नाणं ठेवते. कधी कुणी उघडून बघतं, कधी कुणी नुसती मान हलवतं. आता तिला लाज वाटत नाही. तिने पुन्हा मोठी पेटी बांधायला घेतली आहे, आणि या खेपेला तिचा प्रत्येक कोपरा स्क्रूचा आहे. माझ्या झाकणावर चहाच्या पुड्या अजून येऊन पडतात. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हीही हातांनी काही घडवाल. ते जपण्यासाठी कायमचं बंद करून टाकू नका. आत काय आहे, असं कुणी विचारलं तर रागावू नका आणि लाजूही नका. उघडून दाखवा. फक्त त्याला सांगा, जरा हळू.