बूड नसलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे. बूड कापलेली, डोकं खाली करून खिळ्याला टांगलेली, अंगभर मिठाचे पांढरे डाग पडलेली. माझी कीव करायची असेल तर खुशाल पुढे चालू लागा. मला ती नको आहे.

थायलंडातल्या नाखोन पाथोमच्या एका कालव्याकाठच्या घरात मी लाल सरबत पोटात घेऊन आले. अंगणात खांबावर वास्तुदेवतेचं इवलंसं देऊळ आहे. घरच्या म्हाताऱ्या लमियातबाईंनी मला त्याच्यापुढे नैवेद्याला ठेवलं. मी रिकामी झाले, तेव्हा त्यांच्या सुनेनं, जिंदानं, मला उचललं आणि सुरीनं माझं बूड कापून टाकलं.

"देवापुढची बाटली कापलीस?" लमियातबाई कडाडल्या.

"देवाचं पिऊन झालंय, आई. आता माझ्या पिल्लांची पाळी."

पिल्लं म्हणजे झुंजार माशांची. जिंदाचे वडील हे मासे पाळत. ते गेले तेव्हा त्यांच्या खास वाणाची एकच जोडी उरली होती. दोनदा पिल्लं झाली आणि दोन्ही वेळा गेली. जिंदानं त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक घातला होता. पिल्लांनी त्याला तोंड लावलं नाही, पाणी मात्र नासलं. त्या सुईच्या टोकाएवढ्या तोंडांना हलतं, जिवंत खाणंच लागतं. आता निळा नर म्हातारा झाला होता. त्यानं पाण्यावर पुन्हा बुडबुड्यांचं घरटं बांधलं, पण ते शेवटचंच, हे जिंदाला कळत होतं.

घरट्यातली पिल्लं पोहू लागताच तिनं माझ्यात मिठाचं पाणी भरलं. हवेची नळी सोडली. तपकिरीसारखी दिसणारी चिमूटभर अंडी टाकली आणि शेजारी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी माझं पोट नारिंगी ठिपक्यांनी वळवळत होतं. मिठागरातल्या इवल्या कोळंब्या त्या! जिंदानं हवा बंद केली. टरफलं वर तरंगली, कोळंब्यांची जिवंत पिल्लं खाली माझ्या गळ्याशी जमली. ती तिनं फडक्यातून गाळली, धुतली आणि पिचकारीनं माशांच्या टबात सोडली. थोड्याच वेळात माशांच्या पिल्लांची काचेसारखी पोटं नारिंगी झाली. जिंदा टाळ्या पिटत हसली.

लमियातबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या.

"उपोसथाच्या पवित्र दिवशी मी डाससुद्धा मारत नाही. आणि तू माझ्याच घरात जीव जन्माला घालून मारतेस?"

"मारत नाही, खायला घालते."

"मला शब्दात पकडू नकोस. पाप ते पापच!"

मित्रांनो, मी आतून पेटले होते. निम्मं काम पाहून मला नावं ठेवणाऱ्यांचा मला संताप येतो.

एकदा जिंदा बाजारात गेली होती. लमियातबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, कालव्यात सगळं ओतलं आणि हात जोडले. "जा रे बाळांनो, सुटलात."

जिंदा परतली. रिकामी मी पायरीवर आडवी पडले होते.

"कुठंय सगळं?"

"सोडून दिलं. पुण्य केलं."

"अहो आई, ते खाऱ्या पाण्यातले जीव. कालवा गोड्या पाण्याचा. संध्याकाळपर्यंत एकही वाचायचा नाही. आणि ही माशांची पिल्लं इकडे उपाशी!"

म्हातारीचा चेहरा पडला, पण मान ताठच राहिली. "मरतील ते आपल्या मरणानं मरतील."

जिंदानं माशांचा टब उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "मग हीसुद्धा आपल्या मरणानं मरताना बघा. मी नवी अंडी टाकते, पण उद्यापर्यंत काही हाती लागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लमियातबाई चष्मा लावून टबापाशी बसल्या. काही पिल्लं तळाशी पडून होती.

"हा हलत नाही गं."

"पोटात काही नाही त्याच्या."

दुपारी त्या उठून माझ्यापाशी आल्या. "झाली का नाही तुझी ती कोळंबी? किती वेळ लावते ही मेली बाटली!" शिवी मला होती, पण मला ती गोड लागली. मी जिवाच्या आकांतानं बुडबुडत होते.

कोळंब्या गाळून होताच त्यांनी हात पुढे केला. "आण ती पिचकारी इकडे."

"आई, पाप लागेल."

"लागू दे. वर कुणी विचारलं तर माझं नाव सांग. घरातलं लेकरू उपाशी मेलं, हे सांगायची पाळी मात्र माझ्यावर नको."

निम्मीच पिल्लं वाचली. निळा नर थंडीत गेला. त्याचे लेक आता खिडकीतल्या बरण्यांमधून एकमेकांवर कल्ले फुगवतात. त्यांचीही पिल्लं माझ्याच जिवावर वाढली. पहाटे भिक्षूंना भात वाढून झाला की लमियातबाई कोळंब्यांच्या नावानंही पुण्याचं पाणी सोडतात, आणि मग मला धुवायला घेतात.

मित्रांनो, मी पाळणा आहे आणि ताटही आहे. मला दोन्हीची लाज नाही. कुणी माझ्याबद्दल हळहळू नका. फक्त जुनी टरफलं काढून मला स्वच्छ धुवा, साबण लावू नका. आणि मासा घरी आणण्याआधी त्याच्या पिल्लांच्या तोंडी काय घालणार, ते ठरवा. ते जमत नसेल, तर मासा दुकानातच राहू द्या.