तेल प्यायलेला स्टँड

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसतो, तो तीन पायांचा स्टँड. मित्रांनो, फोटो काढणाऱ्याचे नाव होते, कॅमेऱ्याचे कौतुक होते, फोटोतली माणसे तर भिंतीवरच चढून बसतात. स्टँडला कोणी विचारत नाही. त्याचा मला राग नाही, आमचे कामच मुकाट उभे राहण्याचे. पण एक गोष्ट बरीच वर्षे माझ्या पोटात आहे. ती तुम्हाला सांगितल्यावाचून मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म १९८३ साली मालवणच्या किनाऱ्यावर परशुराम मेस्त यांच्या मांडवात झाला. परशुराम होड्या बांधणारे सुतार. मोडलेल्या एका डोलकाठीचा तुकडा त्यांनी 'कधीतरी लागेल' म्हणून बाजूला ठेवला होता, तोच मी. मला घडवून घेतले ते ईडा फर्नांडिसने. ईडा शिवणकाम करून पोट भरायची आणि तिला फोटोचे वेड होते. तिच्या बापाचा भाऊ मिंगेल गोव्याहून आला, तेव्हा त्याने आपला जुना घडीचा कॅमेरा तिला दिला. त्याच्या घड्यांच्या चामडी भात्याला भोक होते. ईडाने फाटक्या छत्रीचे काळे कापड लावून ते बुजवले. भिंगावर ऊन पडू नये म्हणून पावडरीच्या डब्याची पट्टी कापून, आतून काजळी फासून टोपी केली. होडीच्या जुन्या शिडाची पिशवी शिवली. खाऱ्या हवेने भिंगाला बुरशी धरते, म्हणून पिशवीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली. फ्लॅश परवडणारा नव्हता. त्याऐवजी कपाटाचा आरसा आणि एक पांढरी चादर. अशी सगळी जुळवाजुळव. माझ्या डोक्यावरचा पितळी स्क्रू तेवढा तिने विकत घेतला.

मी तयार झालो तेव्हा परशुरामांनी मला हाताने चोळचोळून माशाचे तेल पाजले. होड्यांना पाजतात तेच. ते म्हणाले, "गो ईडा, दर्याच्या वाऱ्यात लाकूड कोरडा ठेवशीत तर तेचो भुगो जातलो. तेल पाजूक होयाच."

ईडाने मान डोलावली आणि मला खांद्यावर टाकून घरी नेले. वासाचा विचार तिच्या मनात आला नाही, परशुरामांच्याही नाही. समुद्राकाठच्या माणसाच्या नाकाला तो वास म्हणजे वासच नव्हे. रस्त्यात दोन मांजरे आमच्या मागे लागली, तेव्हा तरी तिने ओळखायला हवे होते! पण ती आपल्याच आनंदात होती.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत तिला पहिले मोठे काम आले. मालवणजवळच्या मसुऱ्याचे जयराम हे एका कचेरीत कारकून. त्यांची आई लक्ष्मी शिमग्यापासून अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी जयरामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते की, पुढचा गणपती ती बघणार नाही. तिन्ही धाकटे भाऊ मुंबईहून आले होते आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे होते. चार भावांचा आईबरोबर एकही फोटो नव्हता. स्टुडिओवाल्यांना सणात वेळ नव्हता, म्हणून कोणीतरी ईडाचे नाव सुचवले. ती आली ती आम्हा सगळ्यांना घेऊन. कॅमेऱ्यात दोनच फोटो उरले होते आणि नवा रोल मालवणात मिळत नव्हता.

आम्ही ओटीवर पाऊल ठेवले आणि जयरामांची बायको दुर्गा पदर नाकाला लावून पुढे आली. "ह्यां काय हाडलंस गो? घरात गणपती बसलेलो आसा, आणि तू म्हावऱ्याचो वास घेवन इलंस?"

ईडाचा चेहरा पडला. तिने पहिल्यांदाच मला हुंगून बघितले. दुर्गा वाईट बाई नव्हती. पहाटेपासून नैवेद्याच्या मागे राबत होती आणि एवढ्या सोवळ्यात उणे राहू नये, एवढेच तिला वाटत होते. तिने स्वतः मला विहिरीवर नेऊन राखेने घासले, मग शिकेकाईने, मग वर चंदन लावले. झाले काय, तर बांगड्याला चंदन फासल्यासारखा वास सुटला. मी अंगणात फणसाखाली उभा राहिलो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जिच्यासाठी जन्मलो, तिचेच नाक माझ्यामुळे कापले गेले.

लक्ष्मीआजींना खोलीबाहेर आणता येत नव्हते आणि खोलीत उजेड जेमतेम. छपरात एक काचेचे कौल आणि एक लहान खिडकी. तिथे फोटो काढायचा, तर कॅमेरा दोन सेकंद मुळीच हलता कामा नये. हातात धरून ते शक्य नव्हते. जयरामांनी पाटांवर पाट रचून दिले. त्या डळमळत्या मनोऱ्यावर ईडाने कॅमेरा ठेवला, बटण दाबले आणि मनोरा सरकला. दोनातला एक फोटो फुकट गेला. मुंबईचे भाऊ घड्याळाकडे बघू लागले. ईडाचे डोळे भरून आले. तिने मला घडी करण्यासाठी अंगणातून उचलले आणि खिडकीवरून जाऊ लागली.

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. "दुर्गे, कसलो वास इलो गो?"

"काय नाय, आये. त्या फोटोवाल्या चेडवाचा लाकूड आसा. भायरच ठेवलंय."

"भितूर हाड."

"आये, घरात देव आसा..."

"गणपती आपण खंय पोचयतंव? खाडयेतच मा?" लक्ष्मीआजींना दम लागला, पण त्या थांबल्या नाहीत. "थंय काय म्हावरां नाय? हाड ता भितूर."

दुर्गा दारातून बाजूला झाली. ईडाने मला आत नेऊन पलंगाशी उभे केले. लक्ष्मीआजींनी माझ्या पायावर हात ठेवला. हात काटकीसारखा होता, पण पकड घट्ट. मग त्यांनी तो हात नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"खंयच्या होडयेचो?" त्यांनी विचारले.

"मालवणच्या," ईडा हळूच म्हणाली.

"तोंडवलीचो नाय, पण वास तोच. पावस सरलो की माझो बापूस होडयेक तेल पाजी. तेच्या आंगाक ह्योच वास येयचो. चवदा वर्सांची हय इलंय, तेव्हापासून ह्यो वास नाकात गेलो नाय."

 आजींचे माहेर तोंडवलीच्या किनाऱ्यावर होते, हे मुलांना ठाऊक होते. पण तिथला दर्या त्यांना इतका आठवतो, हे कोणाला ठाऊक होते? त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि कोणी कधी विचारले नव्हते.

ईडाने माझे पाय रोवले. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसला. अंगणात एका भावाच्या बायकोने आरसा धरला, उन्हाची तिरीप चादरीवर पडून खोलीत पसरली. चौघे भाऊ आईच्या उशापायथ्याशी बसले. "हालू नकात. माझ्याकडे बघा," ईडा म्हणाली. ते दोन सेकंद मी असा उभा राहिलो, मित्रांनो, की माझे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यानेसुद्धा हालचाल केली नसेल.

फोटो धुऊन यायला दसरा उलटला. तो न्यायला दुर्गा एकटीच मालवणला आली, केसांत फूल नाही, मोठी सून दुखवट्यात असते तशी. लक्ष्मीआजी पंधरा दिवसांपूर्वीच गेल्या होत्या. ईडाने अपराध्यासारखा फोटो पुढे केला. सगळे स्वच्छ आले होते. चौघे भाऊ भिंगात बघत होते. एकट्या आजी मात्र भिंगाच्या खाली बघत होत्या आणि हसत होत्या.

"आयेची नजर चुकली," ईडा म्हणाली. "कुडाळात एक जण ब्रश मारून डोळे सरळ करून देता. मी करून हाडतंय."

"नको गो," दुर्गा म्हणाली. "ती खंय बघताहा, ता माका ठावक आसा."

ती फोटो हातात धरून माझ्याजवळ आली. मला वाटले, पुन्हा पदर नाकाला लावणार. तिने माझ्या पायावर हात ठेवला आणि तिथेच खाली बसली. "वीस वर्सां एका चुलीर रांधलंव आमी. तिका एकदाय तोंडवलीक न्हेवक झाला नाय माझ्यान," ती म्हणाली आणि रडली. ईडा तिच्याजवळ जाऊन बसली.

आता ईडाकडे चकचकीत धातूचा स्टँड आहे. हलका, वास नसलेला. मी कोपऱ्यात असतो. माझ्या डोक्यावर कधी टोपी असते, कधी वाळत घातलेला टॉवेल. एका पायाला वाळवी लागली आहे. पावसाळ्यानंतर कोणी थोडे तेल पाजले, तर अजून उभा राहीन. तेवढे माझे मागणे आहे, पण ते राहिले तरी चालेल.

मित्रांनो, तुमच्याही घरात दुसऱ्या गावाहून आलेले एखादे माणूस असेल. तिथे कसला वास येतो, ते त्याला आजच विचारा आणि जमले तर त्याला तिथे घेऊन जा. मसुऱ्याहून तोंडवली काही लांब नाही. सकाळी चालत निघाले तरी दुपारपर्यंत पोचता येते.