लाल मोज्याची खुशाली

मी बेसबॉलचा हातमोजा बोलतोय. डावखुऱ्याचा, म्हणून उजव्या हातात बसणारा. डाव्याने चेंडू फेकायचा आणि उजव्याने माझ्यात झेलायचा, अशी आमच्यात कामाची वाटणी. फेकणाऱ्याचं नाव होतं, झेलणाऱ्याला रट्टे मिळतात.

माझा मालक हान सोकजिन कोरियात व्यावसायिक बेसबॉल खेळायचा. गोलंदाजच, पण राखीव. सामना बराचसा उरकेपर्यंत आम्ही कुंपणाजवळच्या बाकावर बसून असायचो. समोर डावखुरा फलंदाज आला की हाक यायची. तो एक बाद केला, की प्रशिक्षक येऊन हानच्या हातातून चेंडू काढून घ्यायचा. पंगतीत फक्त लिंबू वाढायला बोलवावं आणि वरण येण्याआधी घरी पाठवावं, तसं. शेवटच्या डावाला दुसरा गोलंदाज असे. विजयाचा फोटो त्याचा, आणि त्या फोटोत उंच धरलेला मोजाही त्याचाच. त्या मोज्याबद्दल मी काय काय चिंतलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पुढे हानचा डावा खांदा गेला. संघाने पुष्पगुच्छ देऊन त्याला मोकळं केलं. तो एका बांधकाम कंपनीत लागला आणि कंपनीने त्याला कतारला, दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात पाठवलं. सूटकेसमध्ये मला जागा मिळाली ती पायमोज्यांशेजारी. नातं जोडायला माणसं फार पुढे असतात.

तिथे शेजारच्या टेबलावर वसईचा चार्ल्स होता. क्रिकेटमधला डावखुरा फिरकीवाला. दोघांची गट्टी जमली आणि शुक्रवारी सकाळी ते शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावच्या मैदानावर एका हौशी बेसबॉल संघात जाऊ लागले. हानला आता फेकता येत नव्हतं. त्याने चार्ल्सला शिकवलं आणि मला त्याच्या हातात दिलं. मालकाच्या देखत एकदा तरी शेवटचा बळी घ्यायचा आणि मग त्याच्यासोबत घरी जायचं, एवढंच मला हवं होतं.

हानचं कंत्राट संपत आलं. तो जाताना मलाही नेणार, तेव्हा चार्ल्सला स्वतःचा मोजा हवा, हे त्याच्या बायकोने, जोस्लीनने, हेरलं. गावाहून चपला मागवायच्या तर पायाचं माप कागदावर आखून पाठवायची त्यांच्याकडची रीत. तिने दुपारी झोपलेल्या चार्ल्सचा पंजा कागदावर आखला. नवरा डावखुरा, म्हणून डावा पंजा. खेळाचं सामान विकणाऱ्या फजलच्या दुकानात तिने कागद ठेवला आणि त्याने मापाबरहुकूम लालभडक मोजा दिला.

शेवटच्या सामन्याला मैदानावर तो मोजा निघाला. काय ते तेज, काय तो वास. चार्ल्सने मला गवतावर टाकून तो डाव्या हातात चढवला आणि तसाच उभा राहिला.

"आता फेकू कशाने?"

"मी नीट माप नेलं होतं," जोस्लीन म्हणाली.

"माप नीटच आहे गं. हात चुकलाय."

"मग झोपताना उजवा पुढे करायचास."

मी सुखावलो. फार वेळ नाही. हानने लाल मोजा उचलला आणि स्वतःच्या डाव्या हातात घातला. "माझा हा हात तसाही बेकार बसलाय," तो म्हणाला. "यल्ला, चला, आज मी पहिल्या बेसवर उभा राहतो." ज्याच्या तळव्याचा घाम मी वर्षानुवर्षं प्यालो, तो माझ्यासमोर दुसऱ्यात हात घालून उभा होता.

शेवटचा बळी उरला. फलंदाजाने मारलेला चेंडू टप्पा पडून सरळ चार्ल्सच्या छातीवर आला. मी अडवला. पण टप्प्याचा चेंडू नुसता अडवून भागत नाही. फलंदाज धावत पोचण्याआधी तो पहिल्या बेसवर पोचवावा लागतो. चार्ल्सने तो माझ्या पोटातून उपसला आणि हानकडे फेकला. थप्प. लाल मोज्यात. खलास.

जोस्लीनने फोटो काढला. मधोमध हान, हात वर, हातात लाल मोजा. कडेला माझा अर्धा अंगठा आलाय.

चार्ल्स मला परत करू लागला, तर हान म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. त्याला फेकणाऱ्याची सवय आहे. मला आता हा पुरे."

"बघ, माझं माप फुकट नाही गेलं," जोस्लीन म्हणाली.

हल्ली शेवटचा डाव आमचाच असतो. फोटोही निघतात. बघायला तो नसतो, इतकंच.

तुमच्यापैकी कुणी कोरियात गेलं आणि डाव्या हातात लाल मोजा घातलेला माणूस भेटला, तर आधी त्याच्या खांद्याची चौकशी करा. मग मोज्याची शिवण नीट बघा. उसवली असेल तर मला जरूर कळवा. नसेल, तर मुद्दाम कळवायची तसदी घेऊ नका.