बोथट नाकाचीच काडतुसं

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे आणि मी वैतागलेली आहे. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला एका हुशार माणसाची तक्रार करायची आहे.

माझं वय साठ. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळसर पोलादी नळी आणि चापाभोवती एक लोखंडी कडी. ही कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत जातं. पुष्कळ रायफलींच्या पोटात काडतुसं एकावर एक रचलेली असतात. माझं तसं नाही. माझ्या नळीखाली आणखी एक नळी आहे आणि तिच्यात ती रांगेत, आडवी झोपतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. बुडाच्या मधोमध एक छोटी टिकली असते. तिच्यावर टोला बसला की बार उडतो. एवढं लक्षात ठेवा, सगळा घोळ इथेच आहे.

मी आधी वॉल्टरकडे होते. तो मिशिगनमधल्या मोटारींच्या कारखान्यात साचे करायचा आणि दर नोव्हेंबरात मला घेऊन उत्तरेच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जायचा. परत आला की तेलाच्या फडक्याने मला पुसायचा आणि "बरी आहे" म्हणायचा. त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही, पण मला ते पुरायचं. मग संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली, आणि २००४ साली त्याने मला शेजारच्या चारुदत्तांना देऊन टाकलं. सोबत थोडी काडतुसं भरलेला एक पोचे पडलेला पत्र्याचा डबा दिला. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त बोथट नाकाची.

चारुदत्तांनी ती काडतुसं सरावात संपवली आणि डब्यात घरातले जुने फ्यूज ठेवले. झाकणावरचं वाचलं का? छे. वाचायचं ते सगळं आपण पीएच.डी.ला वाचून संपवलं, असा त्यांचा समज असावा.

हे गृहस्थ पुण्याहून ॲन आर्बरला शिकायला आले आणि इथलेच झाले. गाडीचं नाक वाऱ्याला कमीत कमी कसं अडेल, या एका प्रश्नावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर हरणांनी त्यांच्या पत्नीची, उत्तराबाईंची, परसातली मेथी सलग तीन वर्षं फस्त केली, म्हणून हे शिकारी झाले. आता अशा माणसाला बोथट गोळी कशी आवडावी? महिनाभर ते संगणकापुढे बसून तक्ते करत होते. वजन किती, वेग किती, शंभर यार्डांवर किती इंच खाली येते. लेकीसाठी स्थळं बघावीत तशी त्यांनी काडतुसं बघितली आणि बोथट नाकाची सगळी नापास केली. "याला डिझाइन म्हणायचं की बटाटा?" ते उत्तराबाईंना म्हणाले. अहो, तो बटाटा माझ्यासाठीच घडवलाय, हे मी कुणाला सांगणार?

शेवटी बंदुकांच्या एका जत्रेतून त्यांनी हाताने भरलेली, सुईसारख्या टोकाची काडतुसं आणली. ती एकेक गोळी भरायच्या रायफलसाठी आहेत, असं खोक्यावर स्पष्ट छापलं होतं. यांनी माप जुळतंय एवढं बघितलं आणि खोकं मिटलं. शिकलेल्या माणसाला अर्धं वाचूनच सगळं कळतं.

पुढच्या वर्षीचा दसरा आठवड्याच्या मधेच आला, म्हणून उत्तराबाईंनी तो शनिवारी घेतला. पाटावर स्क्रूड्रायव्हरचा संच, लॅपटॉप, कात्री आणि मधोमध मी, रिकामी. माझ्या दस्त्याला कुंकू लागलं. दुपारी वॉल्टरला घेऊन सरावाच्या मैदानावर जायचं, तेच आपलं सीमोल्लंघन, असं चारुदत्तांनी जाहीर केलं. मला दरदरून घाम फुटायचाच बाकी होता. खालची नळी जिथे आहे ना, नेमका तिथेच नेम धरणाऱ्याचा डावा हात असतो.

त्यांची मुलगी सलोनी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. पाट शोभिवंत दिसावा म्हणून तिने सात काडतुसं माझ्या खालच्या नळीला लागून एका ओळीत मांडली, जशी ती आत झोपतात अगदी तशी. मग ती थबकली.

"बाबा, याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, या टिकलीवर, टेकतंय. इज दॅट ओके?"

तसंच असतं, तक्ता बघ, असं बाबा म्हणाले. पोरीने तक्ता बघितला नाही. श्रीखंडाची वाटी घेऊन ती शेजारी गेली आणि वॉल्टरला बोलावून घेऊन आली.

वॉल्टरने टोपी काढली आणि पाटाकडे बघितलं. मग त्याने आपल्या वाकड्या बोटांनी चारुदत्तांचा डावा हात धरला आणि माझ्या खालच्या नळीवर ठेवला. "बार उडाला की ही धक्का देते," तो म्हणाला. "धक्क्यासरशी सगळी टोकं पुढच्या टिकल्यांवर आपटतात. तेव्हा तुझा हात इथे असतो."

चारुदत्तांनी हात काढला नाही. आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी हळूच विचारलं. वॉल्टर म्हणाला, "डब्यावर लिहिलं होतं."

त्या दिवशी मैदानावर कुणी गेलं नाही. खरं सांगते, मित्रांनो, मी नुसती चिडले नव्हते, घाबरले होते. माझ्याच पोटात स्फोट होऊन त्या माणसाचा हात गेला असता आणि सगळ्यांनी मलाच दोष दिला असता.

पुढे दोन-एक वर्षांत मऊ टोकाची काडतुसं बाजारात आली. टोक रबरासारखं असल्यामुळे ती माझ्यासारखीलाही चालतात. "बघ, टोकदारच बरोबर होतं," असं चारुदत्तांनी उत्तराबाईंना लगेच ऐकवलं. सवय जाते होय? पण भरायच्या आधी ते आता प्रत्येक टोक अंगठ्याने दाबून बघतात आणि खोकं सलोनीकडून मोठ्याने वाचून घेतात.

गेल्या वर्षी वॉल्टर गेला. यंदा, २००८ च्या दसऱ्याला, चारुदत्तांनी फ्यूज काढून तो पोचे पडलेला डबा पुसला आणि माझ्याशेजारी पाटावर ठेवला. वॉल्टरच्या नावाने त्यांनी हात जोडले. माझा राग क्षणभर निवळला. मग त्यांनी चिमूटभर कुंकू घेतलं आणि ते नेमकं चिकटपट्टीवर लावलं. अक्षरं पार झाकली गेली.

मित्रांनो, वस्तूंची पूजा जरूर करा. पण आधी त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचा हो.