चंद्राचा रकाना

"हात घट्ट धरा तिचा, मास्तर. हलू देऊ नका," गॉडफ्री न्हावी म्हणाला आणि त्यानं कमरेच्या कातडी पिशवीतून सुरी काढली.

ओबेड ब्रॅकननं हात धरला. त्याच्या लेकीचा, टॅबीचा. ताप चढला तेव्हापासून पोरीनं डोळे नीट उघडले नव्हते. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या त्या दलदलीच्या मुलखात ताप कुणाला नवा नव्हता. वसंत लागला की घरटी कुणीतरी कुडकुडत पडायचं, गॉडफ्री येऊन ताप उतरवायला हाताची शीर कापून रक्त काढायचा, आणि माणूस उठायचं किंवा उठायचं नाही. ओबेडची बायको प्रिसिला वाडगं घेऊन कोपराखाली धरून बसली होती. तिचे ओठ प्रार्थनेनं हलत होते.

"थांब," ओबेड म्हणाला. "चंद्र बघितलास का?"

"बघितला की! तुमच्याच पंचांगात बघितला." चुलीशेजारच्या खिळ्याला दोऱ्यानं लटकवलेल्या पंचांगाकडे गॉडफ्रीनं सुरीनं खूण केली. "आज चंद्र वृषभेत, म्हणजे मानेत. मानेला सुरी लावायची नाही, हाताला खुशाल लावा. आता तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच वाचून दाखवू का?"

ओबेडचा धंदा जमीन मोजण्याचा. साखळी घेऊन चिखल तुडवायचा, दारूच्या पिंपात काठी घालून माप सांगायचं, चार पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवायची. त्यावर पोट चालायचं. पण मान होता तो पंचांगाचा. दर वर्षी तो गावापुरतं पंचांग करायचा, लंडनला पाठवून छापून आणायचा. पहिल्या पानावर एक उघडा माणूस असायचा, डोक्यावर मेंढा, मानेवर बैल, दोन्ही हातांवर जुळी भावंडं, अशा बारा राशी अंगभर घेऊन उभा. चंद्र ज्या राशीत, त्या अवयवाला त्या दिवशी लोखंड लावायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे. दर रविवारी पाद्रीबुवा देवळात गरजायचे, की ताऱ्यांना विचारणं म्हणजे देवाच्या मर्जीवर अविश्वास दाखवणं. पण त्यांच्या घोड्याचं रक्त काढायची वेळ आली की त्यांचा गडी गुपचूप ओबेडच्या दारात उभा असे.

काल संध्याकाळी ओबेड बांधावरून घरी येत होता. पश्चिमेला वेतांच्या वर चंद्राची कोर दिसली. ती तिथं असायला नको होती. त्याच्या हिशेबानं ती उद्या दिसायची होती.

आधी त्याला डोळ्यांचा भास वाटला. मग तो तिथंच चिखलात उभा राहिला आणि बोटांवर महिने मागे मोजत गेला. फेब्रुवारीच्या शेवटाला आल्यावर त्याचं बोट थांबलं. यंदा फेब्रुवारीला एक दिवस जास्तीचा होता. ओबेडनं चंद्राचा रकाना दोन बैठकींत केला होता, मध्ये डुक्कर मारून खारवायचं काम निघालं होतं. परत बसल्यावर त्या जास्तीच्या दिवसापुढे त्यानं आदल्याच दिवसाचा चंद्र पुन्हा लिहिला आणि पुढे गेला. यहोशवानं देवाला विनवून चंद्र आकाशात थांबवला होता, असं बायबलात आहे. ओबेडनं तो डुकराच्या नादात कागदावर थांबवला. तेव्हापासून त्याच्या पंचांगातला चंद्र खऱ्या चंद्राच्या एक दिवस मागून चालला होता.

म्हणजे आज चंद्र मानेत नव्हता. तो हातांत आला होता.

"आज नको," ओबेड म्हणाला.

"नको म्हणजे?" प्रिसिलानं वर पाहिलं. "अहो, पोर हातची चाललीय माझी!"

"पंचांग करणाराच असा भ्यायला लागला तर आम्ही न्हाव्यांनी काय करायचं?" गॉडफ्री हसला. "सरका बाजूला, मास्तर. बापाचं काळीज आहे, समजतं मला. तोंड फिरवा तिकडं."

सुरी खाली आली. ओबेडनं लेकीचा हात स्वतःच्या छातीशी ओढून धरला.

"पंचांग चुकलंय," तो म्हणाला. "चंद्र एक दिवस पुढे आहे. फेब्रुवारीपासून."

प्रिसिलाला ते कळायला वेळ लागला. गॉडफ्रीला लागला नाही. त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि चेहरा मात्र पांढरा पडत गेला.

"उर्सुला," तो म्हणाला.

उर्सुला कोल ही ईल मासे धरणाऱ्या लॅम्बर्टची बायको. चंद्राच्या मागच्या फेऱ्यात, पंचांगात असाच वृषभ बघून, गॉडफ्रीनं तिच्या हाताचं रक्त काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"मी लावली सुरी तिला," गॉडफ्री स्टुलावर बसत म्हणाला.

"दिवस मी दिला होता."

"बोलू नका कुठं. ऐका माझं, मास्तर. पलीकडच्या गावात त्या म्हातारीला चेटकीण आहे का ते तळ्यात बुडवून बघितलं, ती नुसती स्वतःशी पुटपुटायची म्हणून. तुम्ही तर घरात बसून वर्तुळं काढता. काय काय नाही म्हणत लोक! आणि माझ्याकडं तर दाढी करायलाही कुणी यायचं नाही." सुरी त्यानं पिशवीत टाकली आणि तो निघून गेला.

मग नुसती वाट बघणं उरलं. चंद्र हातांतून पुढे सरकेपर्यंत सुरी लावायची नव्हती, आणि तोवर पोर टिकेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. प्रिसिला नवऱ्याशी बोलली नाही. दुधात एल, म्हणजे जवाची हलकी दारू, ओतून तिनं पोरीला चमचा चमचा पाजलं, आणि ओबेड जवळ आला की ती तोंड फिरवायची. ओबेड गुडघे टेकून बसला, पण त्याला प्रार्थना सुचेना. एका बाईचा जीव घेऊन दुसरीच्या पोरीचा जीव मागायचा कोणत्या तोंडानं? देव हिशेबाचा पक्का आहे, हे त्यानंच शाळेतल्या पोरांना शिकवलं होतं. आता त्या हिशेबाचीच त्याला धडकी भरली होती.

सुरी लागायच्या आत टॅबीला घाम सुटला. घामाबरोबर ताप उतरला. तिनं डोळे उघडले आणि ईलचं कालवण मागितलं.

"देवानं राखली," प्रिसिला रडत म्हणाली, आणि ओबेडचा खांदा धरून ती पुढे म्हणाली, "आणि तुम्ही हात ओढलात म्हणून."

ओबेडही रडला. पण पोर जसजशी बरी होत गेली तसतशी त्याची खात्री पटत गेली. सुरी चुकवली म्हणून ही वाचली, तर सुरी लागली म्हणूनच उर्सुला गेली. पोर दारात येऊन उन्हात बसली, त्या दिवशी त्यानं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. घराघरांत खिळ्यांना त्याचा रकाना लटकत होता आणि वर्ष अजून बरंच बाकी होतं.

शेवटी त्यानं शाईचं शिंग कमरेला बांधलं, पीस घेतलं आणि तो निघाला.

पहिल्याच दारात त्याच्या जिभेनं कच खाल्ली. "छापखान्यानं घोळ घातलाय," तो म्हणाला. "चंद्राचा रकाना सुधारून देतो."

"लंडनवाले सगळे दारू पिऊन कामाला बसतात," घरधनीण म्हणाली आणि तिनं पंचांग काढून दिलं. पुढच्या दारातही तेच. त्याच्या पुढच्या दारात तर त्याला पेलाभर एल मिळाली, खास आल्याबद्दल. ती त्याला कडू लागली.

लॅम्बर्ट कोलचं घर बांधाच्या टोकाला होतं. लॅम्बर्ट दारात बसून ईल धरायचा पिंजरा विणत होता, मांडीवर वेत सोलायची मोठी सुरी. आत चुलीपाशी ओल्या वेतांचा वास कोंडला होता.

"या, मास्तर. कळलं मला. छापखान्याची चूक ना?"

ओबेडनं हो म्हणायला तोंड उघडलं. खिळ्याला पंचांग होतं. एप्रिलच्या पानावर, एका ओळीशेजारी, कोळशानं काढलेला लहानसा क्रूस होता.

"नाही," ओबेड म्हणाला. "माझी."

लॅम्बर्टचे हात थांबले. "केव्हापासून?"

"फेब्रुवारीपासून."

लॅम्बर्ट उठला. सुरी त्याच्या हातातच होती. ओबेडला पळून जावंसं वाटलं, पण तो जागचा हलला नाही. लॅम्बर्ट त्याच्या अंगावरून पुढे गेला, त्यानं पंचांग खिळ्यावरून काढलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं.

"ती नको म्हणत होती," तो म्हणाला. "भ्याली होती पोरीसारखी. मी म्हटलं, अगं वेडे, दिवस चांगला आहे, मास्तरांच्या पंचांगात बघितलंय. तेव्हा कुठं तिनं हात पुढं केला."

लॅम्बर्टनं पंचांग टेबलावर ठेवलं. ओबेडनं शिंगाचं झाकण काढलं, पीस बुडवलं आणि मे महिन्याच्या पानापासून एकेक रास खोडून शेजारी नवी लिहायला सुरुवात केली. वर्षाच्या शेवटपर्यंत तो वर न बघता लिहीत गेला.

"झालं," तो म्हणाला.

"पुढचंच केलंत."

"मागचं आता... मागचं कशाला, लॅम्बर्ट?"

"तो दिवस पण करा."

"कशाला रे बाबा?"

"खोटं आहे ना ते? मग माझ्या घरात ते तसं नको."

लॅम्बर्टनं सुरी टेबलाच्या पार कडेला ठेवली, पान मागे उलटलं आणि ते हलू नये म्हणून क्रूसाच्या शेजारी अंगठा दाबून धरला. ओबेडनं बैलाचं चिन्ह खोडलं. तिथं हातांवरच्या जुळ्यांची खूण केली: दोन उभ्या रेघा काढल्या, वर एक आडवी, खाली एक आडवी. शाई वाळेपर्यंत लॅम्बर्टनं अंगठा उचलला नाही.